अबोल विश्वस्त : मूत्रपिंडे आणि मूत्रसंस्था
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आष्टी येथे दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा तिच्या विश्वस्तांचे कृतज्ञतेने स्मरण केले जाते. रोजचा जमाखर्च चोख ठेवणारा, आलेल्यातले राखायचे कोणते आणि काढायचे कोणते याचा विवेक करणारा आणि हे सारे करून स्वतःचे नावही पुढे न करणारा विश्वस्त लाभला, तर संस्था टिकते. मनुष्याच्या देहातही असे दोन विश्वस्त जन्मापासून सेवेत असतात. ती म्हणजे दोन मूत्रपिंडे. हृदयाची धडधड ऐकू येते, श्वास जाणवतो, पोट भुकेची आठवण करून देते. मूत्रपिंडे मात्र कधीच काही बोलत नाहीत. त्यांचा हा अबोलपणा हाच आजच्या विवेचनाचा मुख्य विषय आहे. कारण त्यांच्या सेवेचे रहस्य त्यात आहे, आणि त्यांच्या आजाराचा धोकाही त्यातच आहे.

स्थान आणि रचना

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, पोटातील आतड्यांच्या मागे ही दोन इंद्रिये असतात. घेवड्याच्या बीसारखा आकार, मुठीएवढी म्हणजे दहा ते बारा सेंटिमीटर लांबी आणि प्रत्येकी सुमारे दीडशे ग्रॅम वजन. उजव्या बाजूला वर यकृत असल्यामुळे उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असते.

शरीराच्या एकूण वजनाच्या मानाने ती अगदी लहान आहेत. तरीही हृदय जे रक्त बाहेर टाकते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. दर मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त त्यांच्यातून वाहते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या आरंभी अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्यापुढे एक लांब, वळणावळणाची नलिका असते. माणूस जन्माला येतो तेव्हा जेवढे नेफ्रॉन घेऊन येतो, तेवढेच त्याचे आयुष्यभराचे भांडवल. नष्ट झालेल्या नेफ्रॉनच्या जागी नवा नेफ्रॉन तयार होत नाही.

गाळणे आणि परत घेणे

पाणी गाळून पिण्याचा संस्कार जैन कुटुंबात बालपणापासून होतो. गळणे पाणी खाली सोडते आणि नको ते वर अडवते. मूत्रपिंडाची रीत याहून वेगळी व अधिक विलक्षण आहे. ते रक्तातील घाण शोधून बाहेर काढत नाही. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने तेवढी मागे ठेवून बाकीचे सर्व, म्हणजे पाणी, मीठ, साखर, क्षार आणि युरियासारखी टाकाऊ द्रव्ये, आधी एकदम नलिकेत ओतते. आणि मग जे शरीराला हवे ते वेचून परत रक्तात घेते. दिवाळीच्या साफसफाईत सुज्ञ गृहिणी कपाट संपूर्ण रिकामे करते आणि हवे तेवढेच पुन्हा लावते, तसा हा प्रकार आहे. या रीतीचा लाभ मोठा आहे. कोणते नवे विजातीय द्रव्य शरीरात आले हे ओळखण्याची गरजच उरत नाही. जे परत घेतले गेले नाही ते आपोआप बाहेर जाते.

मिनिटाला सुमारे सव्वाशे मिलिलिटर या वेगाने दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. शरीरातील रक्तद्रव केवळ तीन लिटरच्या आसपास असल्यामुळे तोच द्रव दिवसातून सुमारे साठ वेळा गाळला जातो. टँकरची वाट पाहण्याचा अनुभव असलेल्या आष्टी तालुक्याला हा आकडा टँकरच्या मापात सांगितला तर लवकर उमजेल. दहा हजार लिटरचा एक टँकर एका माणसाची मूत्रपिंडे छप्पन दिवसांत गाळून संपवतील. पन्नास वर्षांचा हिशेब केला तर तो जवळजवळ तेहेतीस लाख लिटर होतो. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळग्रस्त लातूरला मिरजेहून पाणी घेऊन आलेल्या पहिल्या 'जलदूत' रेल्वेगाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. तशा सहा गाड्या भरून उरेल एवढे काम हे दोन मुठींएवढे अवयव पन्नास वर्षांत करतात.

या १८० लिटरपैकी दिवसाअखेर मूत्ररूपाने बाहेर पडते ते साधारण दीड लिटर. उरलेले नव्व्याण्णव टक्के पाणी परत रक्तात घेतलेले असते. निरोगी माणसाच्या लघवीत साखर जात नाही, कारण गाळलेली सर्व साखर नलिका परत घेते. रक्तातील साखर १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की नलिकांची ही शक्ती अपुरी पडू लागते आणि साखर लघवीत उतरते. साखरेबरोबर पाणीही ओढले जाते. मधुमेहात वारंवार लघवी आणि सतत तहान का लागते, याचे उत्तर इथे आहे.

पाण्याचा काटेकोर हिशेब

शरीरात पाणी किती आहे याची नोंद मेंदू ठेवतो. पाणी कमी होऊन रक्त किंचित घट्ट झाले की मेंदूतून एक संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंडांना पाणी राखण्याचा आदेश मिळतो. लघवी थोडी, गडद पिवळी होते आणि त्याच वेळी तहानही लागते. पाणी पुरेसे असले की हे संप्रेरक कमी होते व लघवी फिकट आणि भरपूर होते. मात्र काटकसरीलाही सीमा आहे. रोज तयार होणारी टाकाऊ द्रव्ये विरघळवून बाहेर नेण्यासाठी दिवसाला किमान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. माणूस एक थेंबही पाणी प्याला नाही तरी हा खर्च चुकत नाही. तो देहातील साठ्यातून होतो.

याशिवाय आणखी तीन जबाबदाऱ्या मूत्रपिंडे सांभाळतात. रक्तदाब नियंत्रित ठेवणारी एक साखळी त्यांच्यापासून सुरू होते. तांबड्या पेशी तयार करण्याचा संदेश अस्थिमज्जेला देणारे संप्रेरक ती निर्माण करतात. 'ड' जीवनसत्त्वाला अखेरचे कार्यक्षम रूपही तीच देतात. म्हणूनच मूत्रपिंडाच्या जुनाट रुग्णाचा रक्तदाब वाढतो, रक्त कमी होते आणि हाडे दुबळी होतात. पाहणाऱ्याला हे तीन वेगळे आजार वाटतात. मूळ एकच असते.

मूत्राचा पुढील प्रवास

तयार झालेले मूत्र पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांबीच्या दोन मूत्रवाहिन्यांतून खाली येते. या नळ्या आकुंचनाच्या लाटांनी ते पुढे ढकलतात. याच अरुंद वाटेत मुतखडा अडकला की कंबरेतून जांघेकडे जाणारी असह्य कळ उठते. मूत्राशयात चारशे ते पाचशे मिलिलिटर मूत्र मावते. त्याच्या निम्म्याहून कमी भरले तरी जाणीव होऊ लागते.

तेथून बाहेर नेणारा मूत्रमार्ग पुरुषांत सुमारे वीस सेंटिमीटर, तर स्त्रियांत केवळ चार सेंटिमीटर लांब असतो. जंतूंना मूत्राशयापर्यंत पोहोचायला स्त्रीच्या शरीरात वाट फारच छोटी असते, म्हणून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. भारतातील पहिल्या महिला मूत्रपिंडतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. विद्या आचार्य यांच्या अभ्यासाचा हा एक प्रमुख विषय होता. पुरेसे पाणी आणि वेळच्या वेळी लघवी हा यावरचा साधा, पण प्रभावी प्रतिबंध आहे. बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेली स्त्री मात्र सकाळपासून पाणीच पीत नाही, कारण जायला जागा नसते. ही तिची सवय नव्हे. गावाने तिच्यावर लादलेली शिक्षा आहे.

अबोलपणाचा धोका

निसर्गाने मूत्रपिंडांना गरजेपेक्षा कितीतरी अधिक शक्ती दिलेली आहे. एका मूत्रपिंडावरही माणूस उत्तम आयुष्य जगतो. परंतु या मुबलक साठ्यामुळेच हानी लपून राहते. काही नेफ्रॉन मेले तर उरलेले त्यांचे काम अंगावर घेतात, बाहेर काही जाणवत नाही, आणि जास्तीच्या भाराने तेही हळूहळू झिजतात. जवळजवळ निम्मी कार्यशक्ती जाईपर्यंत रक्तातील क्रिएटिनिनसुद्धा बहुधा सामान्य मर्यादेतच दिसते. सूज, मळमळ, थकवा, भूक मंदावणे, धाप लागणे ही लक्षणे दिसतात तोवर अनेकदा फार थोडी शक्ती शिल्लक राहिलेली असते. ज्या दुकानाचा गल्ला रोज भरलेला दिसतो आणि भांडवल मात्र आतून संपत चाललेले असते, त्या दुकानासारखी ही स्थिती आहे.

मूत्रपिंडांच्या जुनाट आजाराची सर्वांत मोठी दोन कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. व्यापारी समाजात बैठा व्यवसाय, तळलेले पदार्थ आणि पापड, लोणचे, शेव यांतून पोटात जाणारे मीठ ही दोन्ही विकारांना मिळणारी आमंत्रणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचविले आहे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात भाजी-आमटीपासून पापडापर्यंतचे सर्व मीठ मोजायचे. तिसरे कारण म्हणजे गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. घटक माहीत नसलेली भस्मे आणि चूर्णेही त्याच पंक्तीत बसतात. त्यांतील जड धातू मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

हा अबोल अवयव बोलता करायला दोन साध्या तपासण्या पुरतात. लघवीतील अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाची तपासणी हानीची सूचना फार लवकर देते. आणि रक्तातील क्रिएटिनिनवरून वयाचा विचार करून गाळण्याचा वेग काढता येतो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. वेळीच कळले तर आहार, साखर व रक्तदाबावरील नियंत्रण आणि योग्य औषधे यांनी झीज पुष्कळ वर्षे मंदावता येते.

तप आणि मूत्रपिंडे

चातुर्मासात आणि विशेषतः पर्युषणात घराघरांत तपश्चर्या होते. निरोगी देह उपवास सहन करतो. उष्ण केलेले पाणी घेऊन होणाऱ्या तिविहार उपवासात मूत्रपिंडांना धुण्यासाठी पाणी मिळत राहते. चौविहार उपवासात ते मिळत नाही, आणि वर सांगितलेला अर्धा लिटरचा किमान खर्च देहातील साठ्यातून भागवावा लागतो. एका दिवसासाठी निरोगी मूत्रपिंडे हे निभावतात. परंतु ज्यांची शक्ती आधीच घटलेली आहे, जे मधुमेहाची औषधे किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, अशांच्या बाबतीत पाण्याची ही तूट मूत्रपिंडे अचानक बंद पाडू शकते. औषधे स्वतःच्या मनाने बंद करणे आणि उपाशीपोटी ती तशीच चालू ठेवणे, दोन्ही घातक ठरू शकते.

यावर शास्त्राचीच दृष्टी मार्गदर्शक आहे. तप शक्तीनुसार करावे असे सांगितलेले आहे, आणि पच्चक्खाणात आगारांची तरतूद पूर्वाचार्यांनी विचारपूर्वक ठेवलेली आहे. रुग्णाने पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आपली प्रकृती गुरुमहाराजांना निःसंकोच सांगावी आणि पचेल तेवढेच तप स्वीकारावे. ज्याला उपवास झेपत नाही त्याच्यासाठी स्वाध्याय, मौन, सामायिक ही दारे उघडी आहेत. मधुमेही तपस्व्याने वर्षीतपाच्या पारण्याला उसाचा रस घेतानाही मात्रेचे भान ठेवले पाहिजे.

नित्य चौविहार पाळणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना आहे. सूर्यास्तापासून नवकारसीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत, बारा-तेरा तास पाणी घेतले जात नाही. रात्रीची लघवी त्यामुळे घट्ट असते आणि मुतखड्याचे स्फटिक अशाच घट्ट लघवीत जमतात. म्हणून सकाळी पाणी मोकळे होताच आणि दिवसभर थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते विसरू नये. मुतखड्याचा दोष पुष्कळदा बोअरच्या जड पाण्याला दिला जातो. पण बहुतेक वेळी पाण्याच्या जातीपेक्षा त्याचे अपुरे प्रमाण अधिक कारणीभूत असते. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी हे सोपे माप सर्वांना कळते. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी मात्र तो सल्लाच पाळावा.

ऊन, श्रम आणि तहान

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दर हंगामात आष्टी आणि शेजारच्या तालुक्यांतून हजारो कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात. दूरवरच्या मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत, गेल्या काही दशकांत उसाच्या फडात राबणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे आढळले. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाबही नव्हता. कारणांबद्दल शास्त्रज्ञांत अजून पूर्ण एकमत नाही. परंतु रोजच्या रोज उन्हात कष्ट करून शरीर कोरडे पडणे हे एक प्रमुख कारण मानले जाते. म्हणून तिथे मजुरांना पाणी, विश्रांती आणि सावली देण्याचे प्रयत्न सुरू झाले. बीड जिल्ह्यात तोच विकार आहे असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. परंतु ऊन, श्रम आणि तहान ही तिन्ही इथल्या मजुराच्याही वाट्याला आलेली आहेत, आणि पाणी व सावली देणे हे कोणत्याही गावाच्या आवाक्यातले काम आहे.

साठा संपल्यावर

मूत्रपिंडे जवळजवळ बंद पडली की डायलिसिसचा आधार घ्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, नेदरलँड्समधील डॉ. विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून ते शुद्ध करणारे यंत्र बनविले. आजची यंत्रे कितीतरी सुधारलेली आहेत. तरीही आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास, म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी केवळ बारा तासच यंत्र काम करते. मूत्रपिंडे सर्वच्या सर्व १६८ तास करीत होती.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी न्यू आष्टी ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही ६६ किलोमीटरची रेल्वेसेवा सुरू झाली तेव्हा तालुक्याने आनंद साजरा केला. डायलिसिससाठी ज्याला अहिल्यानगर गाठावे लागते, त्याच्या दृष्टीने हाच आकडा वेगळा अर्थ घेऊन येतो. आठवड्यातून तीनदा जाणे-येणे म्हणजे जवळजवळ चारशे किलोमीटर, आणि बहुधा सोबत घरातले एक माणूस. मजुरी बुडते ती दोघांची. २०१६ साली जाहीर झालेला पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांतून डायलिसिसचा खर्च उचलला जातो, हे प्रत्येक गरजू कुटुंबापर्यंत पोहोचले पाहिजे. पण प्रवास, वेळ आणि थकवा कोणतीच योजना भरून देत नाही.

दान

मूत्रपिंडांच्या ज्या मुबलक साठ्यामुळे आजार लपतो, त्याच साठ्यामुळे दानही शक्य होते. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिक याचे एक मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाच्या, रिचर्डच्या, शरीरात बसवले. मूत्रपिंडाचे ते पहिले यशस्वी प्रत्यारोपण ठरले. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली यशस्वी प्रत्यारोपण झाले. अवयवांचा व्यापार रोखण्यासाठी १९९४ साली कायदा आला. आई-वडील, भावंडे, पती-पत्नी, मुले अशा जवळच्या नात्यातील व्यक्ती पूर्ण तपासणीनंतर मूत्रपिंड देऊ शकते. दात्याचे उरलेले मूत्रपिंड थोडे मोठे होऊन अधिक काम करू लागते.

मृत्यूनंतरच्या दानाचा मार्ग आणखी व्यापक आहे. मेंदूमृत घोषित झालेल्या एका व्यक्तीच्या दोन मूत्रपिंडांनी दोन रुग्णांची डायलिसिसमधून सुटका होऊ शकते. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती हे काम पाहते. नेत्रदानाची परंपरा जैन समाजाला परिचित आहे. त्याच भावनेने अवयवदानाची चर्चा घरात, सर्वजण सुखरूप असताना, एकदा व्हावी. कारण तो निर्णय घेण्याची वेळ येते तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

सुवर्णमहोत्सवाचा संकल्प

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान हे दानाचे चार प्रकार सर्वांना ज्ञात आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्यांपैकी औषधदानाला तीन लहान कामे जोडता येतील. दरवर्षी चातुर्मासाच्या आधी रक्तदाब, साखर, लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांची तपासणी, सर्व समाजांसाठी खुली. बाजारपेठेत उन्हाळ्यात पाणपोई आणि तिच्यालगत स्त्रियांसाठी स्वच्छ, पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह. आणि डायलिसिसला जाणाऱ्या तालुक्यातील रुग्णांच्या प्रवासाची सोय. या तिन्हींपैकी एकालाही मोठी इमारत लागत नाही.

दोन मूत्रपिंडे रोज १८० लिटरचा हिशेब पूर्ण करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभापासून सुरुवात करतात. ती काही मागत नाहीत. म्हणून वर्षातून एकदा त्यांची विचारपूस करणे, हे ज्याच्या देहात ती राबतात त्याचे कर्तव्य ठरते.

जय जिनेंद्र.